चुड्याखालचं हाड

१९६१ सालच्या कापूसवेचणीतली ती एक साधी सकाळ होती. आर्णीपासून कोसभर आतल्या बंजारा तांड्यावर धुकं पऱ्हाटीला चिकटून राहिलं होतं. धावजी बैलांना वैरण टाकत होता आणि घरात त्याची बायको जमनी ज्वारी दळत होती. जात्याच्या घरघरीत मधूनच खंड पडे. जमनीचा उजवा दंड पावसाळ्यापासून दुखत होता. लग्नात दंडापर्यंत चढवलेल्या हस्तिदंती चुड्याखाली नेमकं काय दुखतं, ते कुणीच पाहिलं नव्हतं. चुडा उतरतो तो नवरा गेल्यावरच.

घरघर एकाएकी थांबली. वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला.

"याडी गं!" जमनी आईच्या नावाने किंचाळली.

धावजी आत धावला. जात्याचा खुंटा जमनीच्या हातातून सुटला होता, आणि दंड जिथं सांधा नसतो तिथंच वाकला होता.

"दळता दळता कोनाचं हाड मोडते का?" धावजीची आई रुपीबाई चुलीपासून न उठताच म्हणाली. "तेल लाव अन् बांध फडक्यानं. कापूस वेचाचा कंटाळा आला असंन महाराणीले!"

धावजीने ऐकलं नाही. आर्णीपर्यंत बैलगाडी, तिथून मोटार, असं करत तो जमनीला यवतमाळच्या इस्पितळात घेऊन आला. रुपीबाईही हट्टाने सोबत आली.

डॉक्टरांनी हात पाहिला. "चुडा कापावा लागेल. त्याशिवाय हाडाचा फोटो निघायचा नाही."

"माहा पोरगा जित्ता हाये, डाक्टरसाब!" रुपीबाई कडाडली. "त्याच्या डोयापुढं तिले रांड करता का?"

जमनीने धावजीकडे पाहिलं.

ती नजर त्याच्या ओळखीची होती. दोन वर्षांपूर्वी जमनीच्या कानापुढे, टोपलीखाली, गव्हाच्या दाण्याएवढी गाठ आली होती. टोपली म्हणजे केसांत गुंफून गालावर लोंबणारा चांदीचा दागिना, तोही सवाष्णीचाच. आर्णीच्या डॉक्टरांनी तो उतरवायला सांगितलं, तेव्हा जमनीने असंच पाहिलं होतं. त्याचा एक शब्द पुरला असता. "मलम द्या, साहेब," तो म्हणाला होता, "चांदी घासून आली असंन." रिवाज मोडू नये म्हणून तसं बोललो, असं त्याने पुढे स्वतःला समजावलं. पण मनाच्या तळाशी वेगळंच काही पडून होतं. टोपली उतरली तर आपण मरू, याचीच त्याला भीती वाटली होती. स्वतःच्या जिवासाठी त्याने बायकोची गाठ झाकून ठेवली होती.

"कापा," आता तो म्हणाला.

"धावज्या!"

"याडी, मराचंच असंन तं मरीन."

बारीक करवत चालू झाली. पांढरी भुकटी फरशीवर सांडत राहिली. जमनीचं लक्ष हाताकडे नव्हतं. ती धावजीच्या छातीकडे एकटक पाहत होती.

"तुमाले काई होऊन तं नाई राह्यलं?"

"नाई."

"खरं सांगा. जीव घाबरते का?"

"नाई वं, जमने."

या क्षणी आपल्याला खरोखरच काही व्हावं, असं त्याला वाटलं.

डॉक्टरांनी टोपलीही उतरवून घेतली. गव्हाच्या दाण्याचं लिंबू झालं होतं. पुढच्या सगळ्या तपासण्या आटोपल्यावर त्यांनी धावजीला व्हरांड्यात नेलं.

"ही गाठ लाळेच्या ग्रंथीतली आहे. कर्करोगाची. तोच रोग दंडाच्या हाडात उतरला, म्हणून हाड मोडलं. इतक्या लांबच्या हाडापर्यंत तो गेलेला मी पहिल्यांदाच पाहतो आहे."

"तवाच काढली असती तं?"

"वाचलीच असती, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण तेव्हा ती काढण्याजोगी होती. आता नाही."

आर्णीहून तांड्याकडे बैलगाडीत परतताना जमनीचा हात फळीला बांधलेला होता. उजव्या दंडावर ना चुडा, गालावर ना टोपली. तांडा दिसताच रुपीबाईने ओढणी पुढे खेचली. "झाक थे सारं. लोकं काय म्हनतीन?"

लोक जमलेच होते. एकीने लेकराला मागे ओढलं. विधवेची सावलीही नको म्हणून बायका बाजूला सरल्या. "नवरा गाडी हाकून राह्यला अन् बायको रांडमुंड!" मागून कुणीतरी हसलं. "नवलच हाये, बाप्पा!"

धावजीने गाडी थांबवली. तो खाली उतरला आणि जमनीच्या तोंडावरची ओढणी त्याने स्वतःच्या हाताने मागे सारली.

"पाहून घ्या. चुडा कापला, टोपली उतरवली, अन् मी जित्ता हावो. कोनाच्या बायकोले गाठ असंन, दुखत असंन, तं उतरवा अन् दवाखान्यात न्या. नवरा मरत नाई. मरते थे..."

जमनी ऐकत होती. पुढचा शब्द त्याने गिळला.

तांड्याच्या नायकाची, म्हणजे मुखियाची, बायको बसंतीबाई गर्दीतून पुढे आली आणि मोडक्या हाताला धक्का न लावता तिने जमनीला गाडीतून उतरवून घेतलं.

तांडा मात्र अजून धावजीकडेच पाहत होता. भर उन्हात उभा असलेला तो एक धडधाकट, जिवंत माणूस होता. दोन वर्षांपूर्वी आर्णीच्या दवाखान्यात 'उतरवा' एवढा एक शब्द बोलला असता, तरी तो असाच जिवंत राहिला असता.