बियांचा वाटा

सासूबाई राहतात माझ्याकडे. जेवतात माझ्या हातचं, गोळ्या मी देते, डॉक्टरकडे मी नेते. आणि सकाळी चहा होतो न होतो तोच भिंतीपलीकडे हाक जाते, "त्रिवेणी, पिकली का गं एखादी?"

त्रिवेणी माझी धाकटी जाऊ. मलकपेठेत आमची दोन्ही घरं शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. तिच्या बाजूला हायब्रीड पपई, फळांनी नुसती लगडलेली. आत लालबुंद गर, आणि गोड म्हणजे गोडच. माझ्या बाजूलाही पपई होती, देशी, आपोआप उगवलेली. बारा महिने लांब दांड्यांवर फुलं, फळ म्हणाल तर औषधालासुद्धा नाही. सासूबाई म्हणायच्या, "उषाचं झाड म्हणजे नुसता फुलोरा!" बोलायच्या झाडाला, पण लागायचं मला. जळायचे मी. उगाच खोटं कशाला बोलू?

एकदा त्रिवेणी सासूबाईंसाठी पपई कापून घेऊन आली, तेव्हा बिया मी बाजूला काढून ठेवल्या. तिनं पाहिलंच.

"अक्का, या लावू नका बरं. हायब्रीडचं बी आईसारखं निघत नाही. दरवेळी नवीन बी विकत आणावं लागतं."

वा गं शहाणे! म्हटलं, दुखलं हिच्या पोटात. माझ्याकडे तशीच पपई झाली तर हिला कोण विचारणार? मी मुद्दाम त्या बिया राखेत चोळून वाळवल्या आणि न्हाणीमागे लावल्या. रोपांना ऊन हवं म्हणून माणूस बोलावून तो जुना फुलोरा तोडून टाकला. पीडा गेली एकदाची.

चार रोपं तरारून वर आली. तिकडे त्रिवेणीच्या झाडाची फुलं मात्र गळायला लागली. एक फळ धरेना. मला काय वाटलं म्हणता? आनंदाच्या उकळ्या फुटल्या! सासूबाईंनी कोठीच्या बाजारातली पपई तोंडात घातली आणि "नक्को" म्हणून बशी सरकवली, त्या दिवशी मी गाणं म्हणत भांडी घासली.

मग माझी झाडं फुलावर आली. दोघांची फुलं खोडाला चिकटून, फळाच्या आशेची. उरलेल्या दोघांनी सोडल्या लांब दांड्या. तोच फुलोरा! एक तोडला, दोन उभे राहिले.

तणतणत अफझलगंजला गेले, मुकुंदरावांच्या बियाण्यांच्या दुकानात. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि हसायलाच लागले.

"अहो वहिनी, जाऊबाईंचं झाड मादी. तुम्ही तोडलात तो नर. त्याच्याच परागावर तिला फळं धरत होती. तुम्ही लावलेल्या बियांचा बाप तुमच्याच अंगणातला की! निम्मी पोरं बापावर गेली, एवढंच."

म्हणजे काय? सासूबाई इतके दिवस मिटक्या मारत खात होत्या ती पपई अर्धी माझी? रिक्षात बसल्या बसल्या मी त्यांना ऐकवायचं वाक्य जुळवत होते. पण रिकाम्या झाडाकडे बोट दाखवून काय बोलणार?  फक्त त्या दोन नरांना कोयता लागू दिला नाही.

त्यांच्या परागावर पलीकडे पुन्हा फळं धरली; माझ्या उरलेल्या दोघांनाही धरली, पण पांचट, त्यापेक्षा काकडी बरी. पलीकडची पहिली पिकली तशी त्रिवेणी बशी घेऊन आली. सासूबाईंनी फोड तोंडात घातली, डोळे मिटले. मला राहवेना.

"आई, या पपईचा बाप माझ्या अंगणात उभा आहे. हवं तर मुकुंदरावांना विचारा!" आणि सगळं सांगून टाकलं.

"अय्या, अक्का! तरीच मध्ये फळं धरेनात!" त्रिवेणीला खरंच आनंद झाला. त्याचाच तर मला संताप.

सासूबाई चावायच्या थांबल्या. "मग ही गोडी उषाची का गं?"

त्रिवेणीनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "नाही आई. गर ज्या झाडाला फळ लागतं त्याचाच. नराचं जे काही येतं ते बियांत."

सासूबाईंनी मान डोलावली. दुसरी फोड उचलली, तिच्या बिया बोटानं बशीत निपटल्या आणि बशी रोजच्यासारखी माझ्यापुढे धरली.

"हे तेवढं टाकून ये गं, उषा."