साडेसात नंबरचा पाय

मित्रांनो, तुमच्याशी बोलते आहे ती पाय मोजायची एक जुनी लाकडी पट्टी. बुटांच्या दुकानात तुम्ही मला कधी पाहिले असेल, नसेलही. हातभर लांबीची फळी, एका टोकाला टाच टेकवायला गोलसर ठोकळा, मध्ये आकडे, आणि अंगठ्यापर्यंत पुढे-मागे सरकणारा एक आडवा दांडा. एवढेच माझे रूप. मोठेपणा सांगावा असे माझ्या आयुष्यात फारसे काही नाही. लाज वाटावी असे मात्र एक आहे, आणि तेच मला आज सांगायचे आहे.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. एरवी त्याचा हात थरथरत असे, पण पटाशी हातात आली की स्थिर होई. त्याने माझे आकडे एकेक करून कोरले आणि त्यांत काळा रंग भरला. मग स्वतःचा अनवाणी पाय माझ्यावर ठेवून पाहिला, दांडा सरकवला आणि मान हलवली. दुकानदाराच्या हातात देताना तो एवढेच म्हणाला, "ही फसवणार नाही."

दुकान लांबट आणि अरुंद होते. दोन्ही भिंतींना छतापर्यंत डबे रचलेले, मध्ये गिऱ्हाइकांसाठी एक बाक, आणि जमिनीशी तिरका टेकवलेला एक बुटका आरसा. त्यात माणूस फक्त गुडघ्यापर्यंत दिसे. तिथे जो विक्रेता होता त्याला सगळे चवडेमास्तर म्हणत. लोकांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत, पाय मात्र तो कधी विसरत नसे. रस्त्यात कोणी "ओळखलंत का मास्तर?" असे विचारले, की हा आधी खाली बघायचा आणि मग म्हणायचा, "वा, डावी करंगळी बरी झाली वाटतं."

मास्तर बुटक्या स्टुलावर बसत, गिऱ्हाइकाचा पाय दोन्ही हातांनी उचलत आणि माझ्यावर ठेवत. त्या वर्षांत मला एक गोष्ट कळली. पायांच्या बाबतीत माणसे सर्रास खोटे बोलतात. बायका आकडा कमी करून सांगतात, पुरुष वाढवून. एका भारदस्त गृहस्थांनी दहा नंबर मागितला होता. पाय निघाला आठ. त्यांनी तरीही दहाच घेतले, आणि पुढे कापूस कोंबून ऐटीत निघून गेले. मास्तर कोणाशी हुज्जत घालत नसत. ते मला गिऱ्हाइकाकडे वळवून धरत आणि म्हणत, "हे मी म्हणत नाही, पट्टी म्हणते."

हे ऐकले की माझी छाती फुगे. गावभर बोलले जाई, की इथून घेतलेला बूट चावत नाही. मला वाटे, हे सारे माझ्यामुळेच.

पुढे दिवस पालटले. लोक चित्र बघून, मनाशी पक्के करूनच दुकानात येऊ लागले. आधी फॅशन ठरे, पाय नंतर. मालक मास्तरांना म्हणाले, "मास्तर, मापं कमी घ्या, माल जास्त दाखवा." दर्शनी काचेत निमुळत्या टोकांचे, रंगीत, देखणे बूट मांडले गेले. मास्तरांचे गुडघे दुखू लागले होते आणि नोकरी सोडण्यासारखी त्यांची परिस्थिती नव्हती. मी बहुतेक वेळ खणात पडून असे.

अशाच एका दुपारी त्या दोघी आल्या. आई आणि मुलगी.

मुलगी नीटनेटकी होती. कॉलर, पट्टा, पर्स, सगळे एकमेकांना साजेसे. तिला कपड्यांतले कळते हे बघताक्षणी कळावे, आणि कळावे अशीच तिची इच्छाही असावी. आईच्या अंगावर नवाकोरा कोट होता, नुकताच कुठल्याशा दुकानातून घेऊन तिथेच घातलेला. त्याच्या बाहीवर लेबलाचा दोरा तसाच लोंबत होता. कोटाखाली सपाट, झिजलेल्या चपला. आई एका मोठ्या हॉटेलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. हे तिच्या बोलण्यातून नंतर कळले.

आई बाकाकडे गेली तेव्हा मुलगी दाराशीच थांबली आणि तिने मास्तरांना बाजूला घेतले.

"काका, काचेतला तो वाइन रंगाचा जोड हवाय. आईसाठी."

"छान आहे," मास्तर म्हणाले. "पण तो सहापर्यंतच येतो."

"म्हणूनच सांगते. माप घ्याल तेव्हा सहाच्या वर आकडा सांगू नका. तिला लाजल्यासारखं होईल."

"आणि पाय मोठा निघाला तर?"

"माझं लग्न ठरतंय. रविवारी मुलाच्या घरचे पहिल्यांदा भेटणार आहेत आम्हाला. बाहेर जेवायला. दोन तासांचा तर प्रश्न आहे, काका."

मास्तरांनी मालकांच्या टेबलाकडे पाहिले. मालक त्यांच्याचकडे बघत होते. तो जोड कित्येक महिने काचेत पडून होता.  मास्तरांनी खण उघडून मला बाहेर काढले.

आईने पाय बाकाखाली ओढून घेतले होते. "पाय धुऊन नाही आले हो दादा," ती म्हणाली. "कामावरून थेट खरेदीलाच आले."

"असू दे बाई, द्या इकडे."

मित्रांनो, तो पाय मला आजही आठवतो. दिवसभर उभे राहून पसरलेला चवडा, टाचेला खोल भेगा, घोट्याशी वाफेने भाजल्याचा जुना डाग. तो माझ्यावर टेकला आणि मला लगेच कळले. साडेसात, आणि वर रुंद. मास्तरांनाही ते कळलेच. पण त्यांनी दांडा सरकवताना आकड्यांवर अंगठा ठेवला आणि दांडा जोराने टाचेकडे रेटला. आणि त्याच क्षणी, कोणाला न दिसेल अशा बेताने, त्या बाईने पायाची बोटे आत दुमडून घेतली. दांडा सहावर जाऊन थांबला.

"सहा," मास्तर म्हणाले.

"सहाच," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं."

मला रागच आला. मास्तरांचा नाही, तिचा. मनात आले, ही पण त्यांतलीच. पाय लहान दिसावा म्हणून धडपडणारी. मास्तरांनी मला खोटे पाडले हे मी सोयीस्करपणे विसरले आणि सगळा दोष तिच्या माथी मारून मोकळी झाले.

बूट पायांत कसेबसे गेले. ती बाकाचा आधार घेत उठली आणि आरशापर्यंत चार पावले चालली. मुलीचे डोळे त्या बुटक्या आरशावर खिळले होते. आईच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलेच नाही.

"बघ, किती सुरेख दिसतायत. आई, तू एकदम वेगळीच दिसतेस."

"वेगळी दिसतेय ना," आई म्हणाली, "मग झालं तर."

त्या दोघी गेल्या. मास्तरांनी मला न पुसताच खणात टाकले. तसे त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते.

तीनेक आठवड्यांनी आई पुन्हा आली, एकटी. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर आणि डाव्या हातात पिशवी. पिशवीतून तिने बुटांचा डबा काढला आणि संकोचाने बाकावर ठेवला.

"दादा, हे जरा सैल करून मिळतील का? पोरीला न कळता."

मास्तर डब्याकडे बघेनात. "हाताला काय झालं?"

"पडले." ती हसली. "जेवण छान झालं हो. माणसं चांगली आहेत. मला फार कळ लागली तेव्हा मी टेबलाखाली हळूच टाचा बाहेर काढल्या. तिथंच चुकलं. पाय जे सुजले, ते परत आत जाईनात. निघताना तसेच कोंबले. जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या होत्या, तिथं तोल गेला. एक बूट उडाला तो थेट विहीणबाईंच्या पायाशी." ती पुन्हा हसायला गेली, पण ते जमले नाही. "इस्त्री आता दोन महिने बंद. ते होईल काहीतरी. पण पोरगी बोलत नाही माझ्याशी धड. हे सैल झाले की घालून दाखवते तिला, म्हणजे तिला बरं वाटेल."

मास्तरांनी डबा बाजूला सारला. मग स्टूल ओढून तिच्या समोर बसले.

"बाई, माप मी चुकीचं सांगितलं. चुकून नाही, मुद्दाम."

"मला ठाऊक आहे."

मास्तरांनी वर पाहिले.

"पंचवीस वर्षं या पायांवर उभी राहतेय," ती म्हणाली. "त्यांचा आकडा मला माहीत नसेल होय? बोटं मी दुमडून धरली होती. तुमच्या हाताला नाही कळलं?"

"मग बोलला का नाहीत?"

"दाराशी ती तुम्हाला काय सांगत होती, ते ऐकू आलं मला." ती प्लास्टरवरची सुटलेली चिंधी नीट करत राहिली. "म्हटलं, पोरीला माझी एवढी लाज वाटतेय, तर दोन तास सोसू. त्यात काय."

मित्रांनो, मी लाकडाची आहे. मला घाम येत नाही, माझी मान खाली जात नाही. पण त्या दिवशी खणात बसून मी हे ऐकले आणि मला कुठे तोंड लपवू असे झाले. जिला मी मिरवण्याची हौस असलेली समजले, तिने ती बोटे लेकीसाठी मुडपली होती. त्या बोटांचा दाब सोसून सगळे काही जाणणारी मी एकटीच होते, आणि कळले मात्र मला काहीच नव्हते.

मास्तरांनी मला काढले, धोतराच्या मऊ फडक्याने पुसले आणि तिचा पाय पुन्हा मोजला. या वेळी अंगठा लांब ठेवून. "साडेसात," ते म्हणाले. इतक्या मोठ्याने, की मालकांनी मान वर केली.

बायकांच्या फळीवर त्या रुंदीचे काही नव्हते. मास्तर शिडी चढले, दुखऱ्या गुडघ्यांसकट, आणि दुसऱ्या बाजूच्या फळीवरून एक साधा तपकिरी जोड घेऊन उतरले.

"हे तर पुरुषांचे," ती म्हणाली.

"पायाला ते कळत नाही. घाला."

तिने घातले. आरशापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तिथेच उभी राहून जराशा तक्रारीच्या सुरात म्हणाली, "दादा, हे दुखतच नाहीत."

एका हाताने तिला लेस बांधता येईना. मास्तरांनी बांधल्या. वाइन रंगाचा जोड त्यांनी परत घेतला, आणि मालक काही बोलायच्या आत म्हणाले, "माझी चूक आहे, मालक. मी बघून घेतो." निघताना ती दारात थांबली.

"मला ऐकू आलं होतं ते पोरीला सांगू नका. उगाच मनाला लावून घेईल."

"नाही सांगणार."

पुढच्या आठवड्यात मुलगी आली. तावातावानेच आली.

"आईला पुरुषांचे बूट कुणी दिले?"

"मी," मास्तर म्हणाले. "आधीचं माप मी चुकवलं होतं. दोष माझा." शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला.

मुलीला भांडायचे होते, पण समोरून भांडण आलेच नाही. ती उभी राहिली, मग बाकावर बसली. थोड्या वेळाने खाली बघत म्हणाली, "तुम्ही नाही चुकवलं. मी चुकवायला लावलं."

मास्तरांनी तिच्यासमोर स्टूल ओढले.

"आईला लाजल्यासारखं होईल असं मी म्हणाले होते ना? तिला कधी कशाची लाज वाटत नाही. मला वाटत होती. आणि होणाऱ्या सासूबाई त्या दिवशी काय घालून आल्या होत्या सांगू? मळके कॅनव्हासचे बूट. आईचा बूट त्यांनीच उचलून आणला, आणि म्हणाल्या, अहो, हा तुम्हाला लहान होतोय. त्यांना एका नजरेत दिसलं." तिचा आवाज बारीक झाला. "आई पडली तेव्हा सगळे धावले. मी तिथंच उभी होते, काका. मी इकडेतिकडे बघत होते, कोण कोण बघतंय ते."

तिने पर्समधून रुमाल काढला. मग तिने नाक पुसले आणि म्हणाली, "तिचं प्लास्टर निघालं की ती परत कामावर जाईल. दिवसभर उभं राहता येईल असा एखादा मऊ जोड द्या."

"नंबर?" मास्तरांनी सवयीने विचारले.

तिने तोंड उघडले आणि तशीच थांबली. "माहीत नाही," ती म्हणाली. "तिला माझा माहीत आहे. मी चालायला लागले तेव्हापासूनचा प्रत्येक नंबर ती सांगते. मी तिला कधी विचारलाच नाही."

मास्तरांना तो आकडा तोंडपाठ होता. तरी त्यांनी तो सांगितला नाही.

"घेऊन या त्यांना," ते म्हणाले. "माप तुम्ही घ्या. मी दाखवतो कसं घ्यायचं ते."

मित्रांनो, आता मी फार म्हातारी झाले आहे. माझे आकडे पुसट झाले, दांडा ढिला झाला. मला तेलपाणी करा, जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. त्या दुपारची लाज अजून माझ्या अंगात मुरलेली आहे, आणि ती जावी असेही मला वाटत नाही. तुम्ही हौसेने कपडे घ्या, बूट घ्या, आरशात बघा. छान दिसावेसे वाटण्यात काही पाप नाही. पण तुमच्या घरात कोणीतरी असेल, ज्याला काहीही दिले तरी ते "चालेल, चालेल" म्हणते. आज घरी गेलात की त्या माणसाला त्याच्या पायाचा नंबर विचारा. उत्तर आले नाही, तर खाली बसा आणि मोजा.