काचेलगतची फट

धाकट्या जावेला या प्रयोगशाळेत थोरलीनेच चिकटवलं होतं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, असं आता तिला वाटायचं. दोघी इंजिनिअर, दोघींचं काम मातीचं. पण वर्षभरात धाकटी साहेबांच्या गळ्यातला ताईत झाली आणि रेल्वेच्या नव्या बांधाची चाचणी तिच्या पदरात पडली. त्या कामावर थोरलीचा कधीपासून डोळा होता.

चाचणी व्हायची सेंट्रिफ्यूजवर. लांब लोखंडी हाताच्या टोकाला एका बाजूला काच असलेली मातीची पेटी टांगायची आणि तो हात गरगर फिरवायचा. वेगामुळे मातीचं वजन पन्नासपट होतं आणि वीतभर उंचीचा बांध तीन मजली बांधासारखा वागू लागतो. पाणी चढलं की तो कुठे खचेल, ते आधीच कळतं.

त्या दिवशी रेल्वेचे अधिकारी येणार होते. पेटी चढवण्याआधी धाकटीने हाक मारली, "ताई, एकदा नजर टाका ना. तुमच्या डोळ्याखालून गेलं की मी निर्धास्त."

थोरली वाकली. बांध देखणा झाला होता, आणि तेच तिला खुपलं. मग तिला दिसलं, की काचेलगतची माती सुकून आक्रसली होती आणि केसाएवढी फट पडली होती. पाणी बांधातून न जाता त्या फटीतूनच पळणार होतं. सगळी चाचणी पाण्यात.

"छान झालाय," ती म्हणाली, आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

यंत्र सुरू झालं. पाहुणे पडद्यासमोर बसले. धाकटी त्यांना समजावत होती, "बांध मी बनवला, पण शेवटची तपासणी जाऊबाईंची. त्यांच्याकडूनच मी हे काम शिकले."

थोरलीच्या कानशिलांत ठणका उठला. शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं! पडद्यावर बांध जड होत चालला होता. आता पाणी सोडायचं होतं. तिने हात पुढे केला आणि यंत्र बंद करायचं बटण दाबलं.

"काचेजवळ फट आहे," ती म्हणाली. "पाणी तिथून जाईल."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सकाळी दिसली नव्हती?"

"दिसली होती."

पाहुण्यांना चहाला पाठवून धाकटी पेटी उतरवायला गेली. पुढे आठवडाभर दोघींनी शेजारी बसून नवा बांध थापला. त्यात कामापुरतंच बोलणं, तेही "पाणी द्या", "पट्टी सरकवा" एवढंच. दुसऱ्या खेपेला बांध धाकटीने आधी सांगितलेल्या जागीच खचला. अधिकारी खूश झाले, साहेबांनी तिची पाठ थोपटली.

त्या संध्याकाळी जेवताना सासूबाईंनी धाकटीला विचारलं, "काय गं, झालं का मनासारखं?"

थोरलीचा घास हातातच राहिला. आता ही सगळं सांगणार. सांगू दे, मग आपणही चार शब्द ऐकवू.

"झालं," धाकटी म्हणाली. "पहिल्या खेपेला ताईंनी वेळेवर यंत्र थांबवलं, म्हणून निभावलं."

"माझी थोरली आहेच तशी!" सासूबाईंनी कौतुकाने तिच्या ताटात वाढलं.

थोरलीने मान खाली घातली. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण पोटात पुन्हा तीच आग भडकली. बांध हिचा, शाबासकी हिची, आणि मनाचा हा मोठेपणाही हिच्याच वाट्याला यावा!