हलका हात

“अहो, कौतुकच केलं की त्यानं!” खिडकीजवळच्या खुर्चीतून मास्तर म्हणाले. “उपजत आहे म्हणाला. उपजत ही काय शिवी झाली?”

“आणि पुढचं?” समोरच्या खुर्चीतल्या ड्रायव्हरनं विचारलं. “‘डोकं दुसऱ्यांनी लावायचं, यांनी फक्त पळायचं.’ ते गिळलंत वाटतं? उद्या म्हणाल, माझी टॅक्सी उपजतच चालते. मी आपला हवा खायला बसतो.”

दोघांच्याही हातांतून नळ्या निघाल्या होत्या. रक्त बाहेर जात होतं, मशीनमध्ये धुऊन परत येत होतं. चार तास कुणाला जागचं हलता येत नसल्यामुळे या डायलिसिसच्या हॉलमधलं भांडण कधी अर्धवट राहत नसे. रागावून निघून जायची सोयच नव्हती. भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद होता, पण चार चौकटींतली चार माणसं तावातावानं हात हलवत होती आणि खाली पट्टी सरकत होती : कौतुक की अपमान?

“आपल्या सिस्टरला विचारा ना,” मास्तर म्हणाले. “काय हो सिस्टर, तुमच्या लोकांना काय वाटलं?”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. त्या खेळाडूंसारख्या काळ्याभोर रंगाची आणि कुरळ्या केसांची हॉलमध्ये ती एकटीच होती.

“माझ्या लोकांना अजून विचारलं नाही मी,” ती मास्तरांच्या दंडाचा पट्टा सोडवत म्हणाली. “तुमचं प्रेशर मात्र वाढलंय. तोंड मिटा जरा.”

माणसं हसली. ज्या अंतिम सामन्यात हे बोललं गेलं, तो होऊन दोन दिवस झाले होते आणि दोन दिवस ती असंच हसण्यावारी नेत होती. आज मात्र ती सारखी दाराकडे बघत होती. कारण ज्याच्याबद्दल हे चाललं होतं, तो समालोचक तिचाच पेशंट होता आणि आता कुठल्याही क्षणी दारातून आत येणार होता.

तिला सगळे धाकटी सिस्टर म्हणत. पंचेचाळिशी गाठली तरी धाकटीच, कारण इन्चार्ज बाई मोठ्या सिस्टर होत्या. नव्या पेशंटांना मात्र एवढ्यानं भागत नसे. “ती हो, ती सिस्टर... ती...” असं म्हणत ते अडायचे. जिभेच्या टोकावर आलेला शब्द गिळायचे आणि मग सुटका झाल्यासारखे म्हणायचे, “ती हलक्या हाताची.” हात हलका होता हे खरंच. तिनं सुई लावली की मुंगी चावल्याइतकंही कळत नाही, असं पेशंट एकमेकांना सांगत.

सकाळी घरातून निघताना कॉलेजात जाणारी तिची मुलगी बुटाची नाडी बांधत म्हणाली होती, “आई, तो तुझाच पेशंट ना? आज जरा जोरात टोच त्याला.”

“जीभ हासडीन,” ती म्हणाली होती. पण ते वाक्य तिच्याबरोबर बसमध्ये चढलं आणि तिच्याबरोबरच उतरलं.

तसं पाहिलं तर त्या माणसाचा तिला राग नव्हता. तिच्या लहानपणी त्याचा आवाज रेडिओवर लागला की वडील सगळ्यांना गप्प करायचे, हातातला घाससुद्धा तसाच थांबायचा. दोन वर्षांपूर्वी तोच आवाज खुर्चीत येऊन बसला आणि म्हणाला, “फार घाबरलोय गं मी.” तेव्हापासून दर खेपेला सुई आत गेली की तो मान हलवायचा. “वा! कळलंसुद्धा नाही. तुमच्या लोकांच्या हातात हे उपजतच असतं.” ती हसायची. नुसतं हसायची नाही, तिला ते आवडायचं. परवा टीव्हीवर तोच शब्द त्याच आवाजात, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पोरांबद्दल ऐकला आणि दोन वर्षांचं सगळं कौतुक तिला पुन्हा एकदा काढून बघावंसं वाटायला लागलं.

तो आला तो आपल्या मुलीच्या हाताला धरूनच. दोन दिवसांत गालफडं बसली होती. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

“सिस्टर,” त्याची मुलगी तिला बाजूला घेऊन म्हणाली, “चॅनेलची मीटिंग आज दुपारीच आहे. बाबांना काढून टाकतील हो. तुम्ही फक्त दोन वाक्यं बोला, मी मोबाइलवर घेते. बाबा तसे नाहीत, एवढंच. तुम्ही म्हटलंत की प्रश्नच मिटला.”

डॉक्टरांनीही सकाळी कॉरिडॉरमध्ये गाठून तेच सांगितलं होतं. “बोलून टाक. तुझं काय जातंय? मोठ्या सिस्टर पुढच्या महिन्यात रिटायर होतायत. मी वेगळं काही सांगायला नको.”

काय जातंय, ते तिला तरी कुठं धड सांगता येत होतं. नाही म्हणावं तर इन्चार्जची जागा जाणार आणि एका भल्या माणसाला बुडवल्याचं पाप डोक्यावर येणार. हो म्हणावं तर संध्याकाळी घरी मुलगी दार उघडणार.

“आधी सुई लावू दे,” ती म्हणाली.

त्याच्या डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून धमनीला जोडलेली होती. त्यामुळे ती दोरखंडासारखी फुगली होती. बोट ठेवलं की मांडीवर झोपलेल्या मांजरासारखी आत घुरघुर लागायची. ती घुरघुर म्हणजे त्याचा जीव. ती थांबली की हात बाद, पुन्हा ऑपरेशन. तिनं बोटानं जागा शोधली, पुसून घेतली, पट्टा आवळला.

“मूठ वळा, सर.”

जरा जोरात टोच त्याला.

सुई गेली, पण आरपार गेली. त्वचेखाली बघता बघता लिंबाएवढी गाठ वर आली. “आई गं!” तो ओरडला. कुठल्याही स्टेडियमच्या शेवटच्या रांगेत ऐकू जाईल असा तो आवाज होता.

तिनं सुई ओढली, गॉझ दाबून धरलं. “चुकलं, सर. माझी चूक. आरपार गेली. बर्फ आणते.”

तिनं बर्फाची पिशवी आणली. दोन वर्षांत या हातावर तिची सुई एकदाही चुकली नव्हती. मग आजच कशी? मी मुद्दाम केलं का? तिनं स्वतःला विचारलं. नाही, म्हणून शपथ घ्यायला गेली, तर शपथ घेववेना. आपल्याच हाताची तिला भीती वाटली.

“त्या मोठ्या सिस्टरांना बोलावू का?” त्याच्या मुलीनं विचारलं. तिच्या आवाजातला गोडवा एकदम उतरला होता.

“नको. हीच लावेल,” तो म्हणाला. वेदनेनं डोळ्यांत पाणी आलेलं, तरी तो तिच्याकडे बघून हसला. “अगं, होतं असं. तू काय मुद्दाम केलंस? हेतू नव्हता तुझा.”

“तेच तर मघापासून सांगतोय!” मास्तरांनी डोळे उघडले. “हेतू बघायचा असतो.”

“हेतू नव्हता, सर,” ती बर्फ दाबत म्हणाली. “पण सूज आलीच ना. ती माझ्याच हातची.”

ती बोलली ते हाताबद्दलच. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण समालोचकाचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं.

सूज पसरायची थांबल्यावर तिनं गाठीच्या वरच्या बाजूला नवी जागा शोधली. या वेळी तिनं घाई केली नाही. डावा हात उजव्या मनगटाखाली टेकवला, श्वास धरला आणि पहिली सुई लावली, मग दुसरी. नळीत लाल रेघ चढली. मशीन फिरायला लागलं.

“वा,” तो सवयीनं म्हणाला. “कळलंसुद्धा नाही. तुमच्या...”

पुढं तो थांबला. चाळीस वर्षं जो आवाज बोलता बोलता कधी अडला नव्हता, तो अडला.

“मग, सिस्टर?” मुलीनं मोबाइल वर धरला. “उशीर होतोय.”

तिनं हातमोजे काढले. केसांवरून हात फिरवला. टीव्हीतली चार माणसं अजून हात हलवत होती.

“घ्या,” ती म्हणाली. “मी यांची सिस्टर. दोन वर्षं यांना सुई लावते. सर माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. आज माझी सुई चुकली, यांचा हात सुजला, तरी रागावले नाहीत.”

मुलगी खुशीत मान हलवत होती. तिला वाटलं, संपलं. सिस्टरलाही तसंच वाटलं होतं.

“पण सर म्हणतात की माझा हात उपजतच असा आहे. तसं नाहीये. मी ट्रेनिंगला होते तेव्हा आई आजारी होती. रोज सलाइन लागायचं. मला शीरच सापडायची नाही. तीन-तीनदा टोचायची मी तिला, आणि रडायची. कोपरापर्यंत हात निळा झालेला असायचा तिचा. शेजारची बाई बघायला आली की आई बाही खाली ओढून घ्यायची आणि सांगायची, काय हलका हात आहे हो माझ्या लेकीचा, कळतसुद्धा नाही.” तिनं हातमोज्यांचा बोळा केला. “खोटं बोलायची. सगळं कळत होतं तिला. मला नीट जमायला लागलं तेव्हा ती नव्हती. आता कुणी उपजत म्हटलं की मनात येतं, मग तिचा तो हात कुठं गेला? बास. एवढंच.”

मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

“छान झालं, सिस्टर,” मुलगी मोबाइलवर बोट फिरवत म्हणाली. “सुरुवातीचं पुरे आहे. पुढचं मी कापते.”

“कापू नकोस,” समालोचक म्हणाला.

“बाबा, हे सगळं गेलं तर...”

“मग सगळंच पुसून टाक. तिचं अर्धं पाठवायचं नाही.”

“अहो, मग त्यांना सांगू काय मी? फोन येईल आता!”

तो आपल्या हाताकडे बघत होता. गाठ आता निळसर पडायला लागली होती.

“सांग, सूज आलीय.”

“हाताचं मी नंतर सांगेन हो, बाबा. आधी मीटिंगचं...”

“हेतू नव्हता, पण सूज आलीय म्हणून सांग,” तो पुन्हा म्हणाला. मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. मग मोबाइल घेऊन ती बाहेर गेली.

दारातून डॉक्टरांचं डोकं आत आलं. “झालं का?”

“नाही, डॉक्टर,” सिस्टर म्हणाली.

डॉक्टर क्षणभर तिच्याकडे, मग त्या हाताकडे बघत राहिले. पाठ फिरवून निघून गेले. इन्चार्जची जागाही बहुतेक त्यांच्याबरोबरच गेली, हे तिला त्यांच्या पाठीवरून कळलं. वाईट वाटलं, आणि वाटायचंच. बिलकुल नाही असं कोण म्हणेल?

ती परत खुर्चीजवळ आली. वितळलेला बर्फ बदलला, खाली सांडलेलं पाणी पुसलं. मग गाठीच्या जरा खाली दोन बोटं हलकेच टेकवली आणि डोळे मिटले. इथली घुरघुर बंद पडली असेल तर आजचं सगळंच संपलं. आधी काही लागेना. तिनं बोटं तसूभर सरकवली.

“आहे का गं?” त्यानं विचारलं. आवाज इतका बारीक होता, की तिच्या वडिलांनीही तो ओळखला नसता.

“थांबा,” ती म्हणाली. “बघू दे.”

तो थांबला. तीही थांबली.

“आहे,” ती म्हणाली, आणि बोटं तिथंच राहू दिली.