शिवणीतल्या तीन ओळी

टेलरमास्तरांच्या हातात एक मोठा गुण होता. गिऱ्हाईक जाड झालं, तर ते त्याच्या लक्षात येऊ न देता कपडा सैल करून द्यायचे. कुणी पॅन्ट घेऊन आलं आणि म्हणालं, "धुताना आटली बहुतेक," की मास्तर गंभीर चेहरा करून मान डोलवायचे. "हल्लीचं कापडच तसलं!" मग शिवण उसवायची, दोन बोटं वाढवायची, इस्त्री मारून परत. एका गल्लीत इतकं आटणारं कापड येतं कुठून, हे कधी कुणी विचारलं नाही.

गिऱ्हाइकाशी केलं ते ठीक. मास्तरांनी तेच घरातही केलं, तिथे चूक झाली.

त्यांची मुलगी नऊ वर्षांची. जन्मली तेव्हा इवलीशी होती, म्हणून तिला सगळे बटण म्हणत. पहिली दोन वर्षं तिने आईबापाच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. घास तोंडात घेऊन बसायची, गिळायचीच नाही. तेव्हापासून नवराबायकोच्या डोक्यात एकच बसलं होतं, की पोर खातेय ना, मग सगळं ठीक आहे.

दुपारी शाळा सुटली की बटण दुकानात यायची. मास्तर तिला स्टुलावर बसवत, एका हातात मोबाइल देत, दुसऱ्या हातात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. सहा वाजेपर्यंत हूं की चूं नाही. मास्तरीणबाई बेकरीत पॅकिंगला होत्या. त्या संध्याकाळी उरलेले बन आणि केकचे तुकडे खोका भरून आणत, आणि तिघं टीव्हीसमोर बसून तो खोका रिकामा करत. पुढे जेवणही तिथेच. घरात एक जण खायला आणायचा आणि दुसरा त्यासाठी कपडे सैल करायचा, अशी छान वाटणी झाली होती. मास्तरांची स्वतःची पॅन्टही वर्षात दोनदा "आटली" होती.

बटणचा गणवेशाचा स्कर्ट घट्ट होतोय हे मास्तरांच्या बोटांना सगळ्यात आधी कळलं. बोलले मात्र नाहीत. इस्त्रीच्या निमित्ताने स्कर्ट दुकानात न्यायचा, रात्री ती झोपल्यावर शिवण उसवायची, आतलं कापड थोडं सोडायचं आणि नव्याने टीप मारायची. असं त्यांनी तीनदा केलं. पोरीला कळायला नको, उगाच मनाला लावून घेईल. बापाचं मन, दुसरं काय!

मग दर बुधवारी बटणचं पोट दुखायला लागलं. बुधवारी खेळाचा तास असायचा. तीन बुधवार ती घरी राहिली. चौथ्या बुधवारी आईने सोंग ओळखलं आणि शाळेत पाठवलं.

दुपारी ती दुकानात आली ती दप्तर कमरेशी धरूनच. दप्तर बाजूला केलं, तर स्कर्ट कमरेपासून वीतभर उसवलेला आणि बाईंनी लावलेल्या दोन सेफ्टीपिना.

"दोरीवरच्या उड्या मारताना," ती म्हणाली.

"हसलं का कुणी?"

"दोघी हसल्या. बाकीच्या गप्प बसल्या."

दोघी हसल्या त्यापेक्षा बाकीच्या गप्प बसल्या हे मास्तरांना जास्त लागलं. तिला घरचा फ्रॉक घालायला देऊन त्यांनी स्कर्ट उलटा केला. आत सोडायला कापडच उरलं नव्हतं.

"काही नाही गं, बाजूला जास्तीच्या कापडाची एक कळी घालतो. कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल," बटण म्हणाली. तिने स्कर्ट ओढून घेतला आणि शिवणीवर बोट ठेवलं. जुनी टीप उसवली की सुईची भोकं कापडावर राहतात. बारीक, सरळ ओळीत. "ही पहिली, शाळा सुरू झाल्यावरची. ही सहामाहीच्या आधीची. आणि ही परवाची. मी मोजते ना."

टेलरचीच पोर ती, तिला भोकं दिसणार नाहीत?

"तुम्हाला माझी लाज वाटते ना बाबा? म्हणून गुपचूप करता."

मास्तर स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. ज्या पोरीचं मन जपायला एवढी चोरी केली, तिच्या मनात हे साठत होतं. गिऱ्हाइकाला द्यायची उत्तरं त्यांच्यापाशी ढीगभर होती, त्यातलं एकही इथे चालणारं नव्हतं.

"लाज नाही गं," ते म्हणाले. "भीती वाटायची. बोललो तर तू रडशील म्हणून. आणि खरं सांगू? बोललो असतो तर ते बिस्किटांचे पुडे मीच देतो, हेही बोलावं लागलं असतं."

बटणने स्कर्ट बाजूला ठेवला. "मग आता खरं माप घ्या."

"आधी माझं घे," मास्तर म्हणाले आणि गळ्यातला टेप तिच्या हातात दिला.

तिने त्यांच्या कमरेभोवती टेप गुंडाळला. मास्तरांनी सवयीने पोट आत ओढलं.

"श्वास सोडा, बाबा."

श्वास सोडला. जो आकडा आला तो बटणने मोठ्याने वाचला, आणि नेमक्या त्याच वेळी, त्या दिवशी बेकरीतून लवकर सुटलेल्या मास्तरीणबाई खोका घेऊन दारात उभ्या राहिल्या. "कुणाचं एवढं माप?" त्यांनी विचारलं. बापलेक इतके हसले की मास्तरीणबाईंना सगळं नीट कळायला पाच मिनिटं लागली.

कळल्यावर मात्र त्या हसल्या नाहीत. खोका त्यांनी कापड कापायच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "एकट्या तिच्या ताटातलं काढायचं नाही हं. बदलायचं तर तिघांनी. आणि अहो, सारखा तो टेप लावायचा नाही तिला. मुलगी आहे, कापड नव्हे."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बटणसमोरच नवा स्कर्ट बेतला. कमरेचं माप जसं होतं तसं घेतलं, आत नेहमीपुरतंच कापड ठेवलं. खाली मात्र चार बोटं दुमडली.

"खाली एवढं कशाला?"

"तुला उंच व्हायला."

यानंतर सगळं सुरळीत झालं म्हणाल, तर तसं काही नाही. पहिल्याच आठवड्यात कापडाच्या गठ्ठ्यामागे उभं राहून बिस्किट खाताना मास्तर पकडले गेले. बटणने नुसता हात पुढे केला आणि उरलेला पुडा जप्त केला. टीव्ही जेवणाच्या वेळी बंद झाल्यावर पहिले दोन दिवस तिघांना एकमेकांशी काय बोलावं तेच सुचेना. बेकरीचा खोका आठवड्यातून एकदाच येऊ लागला. एरवी शाळेतून आल्यावर टेबलाच्या कोपऱ्यात चिरलेली फळं, कधी काकडी, उकडलेलं अंडं. काकडीला बटणने नाक मुरडलं, मास्तरांनी त्याहून जास्त मुरडलं.

खरी गंमत आणली ती पोहोचवणीने. गिऱ्हाइकांना शिवलेले कपडे घरपोच मिळतील, असं मास्तरांनी जाहीर केलं. रोज साडेचारला दुकानाला कुलूप. हँगर खांद्यावर टाकून बापलेक निघायचे, चार गल्ल्या, कितीतरी जिने. घंटी वाजवायचा मान बटणचा. सुरुवातीला दुसऱ्या मजल्यावर मास्तर कठडा धरून उभे राहायचे आणि ती वरून हाक मारायची, "बाबा, या लवकर, गिऱ्हाईक म्हातारं होईल!" बुधवारचं पोटदुखणं कधी थांबलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वार्षिक परीक्षेच्या आधी एका दुपारी बटण दुकानात आली आणि टेबलापुढे उभी राहिली. चेहरा अगदी गंभीर. स्कर्ट गुडघ्याच्या बराच वर गेला होता.

"मास्तर, धुताना आटला बहुतेक."

मास्तरांनी टेप काढला. आधी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली, तेव्हा लावला.

"सैल नका धरू."

त्यांनी सैल धरला नाही. कंबर तितकीच होती. उंची तीन बोटं वाढली होती. मास्तरांनी पुन्हा एकदा मोजून बघितलं, कारण पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आल्यामुळे आकडा नीट दिसला नव्हता.

त्यांनी तिच्यादेखत खालची दुमड उसवली, कापड सोडलं, नवी टीप मारली. जुन्या टिपेची भोकं स्कर्टभर गोल उमटून राहिली. मास्तर कापडावर पाणी शिंपडून इस्त्रीने ती बुजवायला लागले.

बटणने त्यांचा हात धरला.

"राहू द्या, बाबा. ही ओळ दिसली पाहिजे."