कूलर कुणाचं ऐकतो

टॅमसिनने शेवटचा स्क्रू पिळला तेव्हा स्टूल किंचित डुगडुगलं. खाली मर्लने ते दोन्ही हातांनी धरलं होतं. ती वर बघत नव्हती, सुनेच्या पावलांवर तिची नजर होती.

"झालं का एकदाचं?"

"झालं. आता बघा हं."

टॅमसिनने खिशातून फोन काढून त्यावर अंगठा टेकवला. बोळातल्या भिंतीवरच्या पांढऱ्या डबीत कट् असा आवाज झाला, आणि छपरावरचा कूलर घरघरत सुरू झाला. छतातल्या जाळ्यांमधून ओलसर वारा उतरला. डबीवर बारीकसा निळा दिवा लागला.

"फोनवरून चालू केला की निळा दिवा. हे बटण दाबून केला की हिरवा. म्हणजे कुणी चालू केला ते कळतं."

"घरात दिवसभर मी आणि हे लेकरू. न कळायला काय झालं?"

टॅमसिन हसली नाही. विनी झोपलेली असताना, सापडेल त्या तासा-अर्ध्या तासात तिने ही डबी जुळवली होती. आत नखाएवढा मायक्रोकंट्रोलर, कूलरची वीज जोडणारा-तोडणारा एक रिले, आणि तापमान मोजणारी एक वायर, जी बोळातून विनीच्या खाटेपर्यंत नेली होती. सोल्डरचा वास स्वयंपाकघरात कोंडला की मर्ल काही न बोलता खिडकी उघडत असे.

"म्हणजे तू तिकडे हॉस्पिटलात बसून इथलं वारं सोडणार."

"विनीच्या खोलीत किती गरम आहे ते मला तिकडे दिसेल. तेवढंच."

"आणि मी?"

"तुम्हाला बटण आहेच की, मर्ल. नेहमीसारखं."

हे तितकंसं खरं नव्हतं. डबी बसवण्याआधी, मंगळवारी, ती कामावरून आली तेव्हा कूलर बंद होता, आणि विनीची मान घामोळ्यांनी लालभडक झाली होती. मर्ल शांतपणे मटार सोलत बसली होती. "या ओसाड ब्रोकन हिल गावात पाणी काय आभाळातून पडतं? थोड्या घामाने लेकरू विरघळत नाही. याच घरात मी तीन वाढवली." टॅमसिनने विनीच्या मानेला पावडर लावली. बोलली काहीच नाही. मग तिने मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. फोनवर कुलपाचं चित्र दाबलं की बटण मुकं होई. कोणी कितीही दाबो, कूलर फोनचंच ऐके.

खाणीत पाळीवर निघताना तिच्या नवऱ्याने, कोलने, विचारलं होतं, "आईला सांगितलंस?"

"सांगेन," ती म्हणाली होती.

गुरुवारी ती कामावर गेली तेव्हा सकाळीच रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. एक्स-रेची खोली इमारतीच्या पोटात होती. तिला खिडकी नव्हती. एकदा आत शिरलं की बाहेर सकाळ आहे की संध्याकाळ हे पेशंटच्या कपड्यांवरून ओळखायचं. दुपारी टॅमसिनने फोन पाहिला. विनीची खोली एकतीस अंश, कूलर बंद. तिने अंगठा टेकवला. डबीवर लागेल तोच दिवा फोनवरही दिसे. निळा दिवा.

"खोल श्वास घ्या," ती काचेआडून म्हणाली. समोर एक म्हातारी छाती यंत्राला टेकवून उभी होती. "रोखून धरा. हलू नका... सोडा."

परत पाहिलं तर कूलर बंद. तिने चालू केला. तिच्या डोळ्यांदेखत तो पुन्हा बंद झाला.

"पुन्हा तेच," ती पुटपुटली.

"मी हलले का गं?" म्हातारीने घाबरून विचारलं.

"नाही, नाही. छान आलाय."

तेवढ्यात फोन थरथरू लागला. मर्ल. म्हातारी एक बाही घालून, एक लोंबकळत ठेवून कुडकुडत उभी होती. मर्ल काय म्हणेल हे टॅमसिनला ठाऊक होतं. पाणी, बिल, आमच्या वेळी. तिने फोन पालथा घातला. थरथर थांबल्यावर तो उचलला आणि कुलूप दाबलं.

दिवा निळाच राहिला. थोड्या वेळाने खोली तीस झाली, मग एकोणतीस. टॅमसिनने म्हातारीला बाही घालायला मदत केली, बटणंही लावून दिली.

पुढचा पेशंट मनगट छातीशी धरून आला. मेंढ्यांच्या कुरणावर काम करणारा, उंच, वाळलेला माणूस. त्याच्या टोपीवर, खांद्यांवर, भुवयांवर लाल धूळ होती.

"पडलात?"

"पडलो ते सकाळी. ही आत्ताची." त्याने चांगल्या हाताने खांदा झटकला. "भरदुपारी दिवे लावून आणली गाडी. पश्चिमेकडनं नुसती धुळीची भिंत चालत आली बघ, लाल. कुठल्या बिळात बसतेस तू?"

टॅमसिनने त्याच्या भुवयांकडे पाहिलं.

"घरी कूलर बंद केलाय ना कुणी?" तो सहज म्हणाला. "नाहीतर अख्खं माळरान ओढून घेतो घरात."

तिने कूलर बंद केला तेव्हा खोली सत्तावीस होती. डबी बसवल्यापासून इतका चांगला आकडा आला नव्हता. तिने मर्लला फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

घराचं दार उघडलं तेव्हा वादळ पुढे सरकून गेलं होतं. खिडक्या घट्ट बंद होत्या, चौकटींच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या. तरी टेबल लाल होतं, गालिचा लाल होता, आणि प्रत्येक जाळीखाली लाल थर. टॅमसिन विनीच्या खोलीत गेली. खाटेवरची चादर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लाल होती. मध्ये कुठेही बाळाएवढी पांढरी जागा नव्हती.

ती तशीच उभी राहिली. मग तिला पाण्याचा चुळूक चुळूक आवाज आला.

न्हाणीघर ही घरातली बिनजाळीची एकच खोली. दाराच्या फटीला आतून ओला टॉवेल लावला होता, तो सारत तिने दार ढकललं.

"लाव आधी ते दार!" मर्ल ओरडली.

विनी टबातल्या ओंजळभर पाण्यात बसून प्लास्टिकची गाळणी बडवत होती. स्वच्छ, ओली, खूश. मर्ल टबाशेजारी फरशीवर होती. तिच्या पांढऱ्या केसांत लाल चिखल झाला होता.

"तुझं ते बटण बिघडलं बघ," मर्ल म्हणाली. "आभाळ दिसल्याबरोबर बंद केला, तर आपला सुरूच होतोय. दाबदाब दाबलं. माझ्याच हातून काहीतरी मोडलं असणार. मोबाइल बाहेरच राहिला. कोलला सांगू नकोस हं."

टॅमसिनने टॉवेल उचलला आणि बेसिनमध्ये पिळला. पाणी विटकरी आलं.

"नाही सांगत," ती म्हणाली.

दोघींनी मिळून घर पुसलं. ऊन उतरल्यावर टॅमसिनने बोळात स्टूल आणलं, लॅपटॉप काखेत धरून वर चढली आणि त्याची वायर डबीत खुपसली. न बोलावता मर्ल आली आणि स्टूल धरून उभी राहिली.

ती एक ओळ पुसायला फार वेळ लागला नाही. टॅमसिन खाली उतरली मात्र नाही.

"मर्ल, बटण मोडलं नव्हतं."

मर्लने मान वर करून डबीकडे पाहिलं.

"निळा होता दिवा," मर्ल म्हणाली. "सगळा वेळ निळा. तूच तर सांगितलं होतंस."

"मग मघाशी तुम्ही बिघडलं म्हणालात..."

"मंगळवारी पोरीच्या मानेला पावडर लावलीस आणि मला एक अक्षर बोलली नाहीस. मला काय कळलं नाही होय? म्हटलं, आधी तू बोलतेस का बघू." तिने स्टुलाचे पाय जरा घट्ट धरले. "उतर आता, पोरी. पडलीस तर तुझा एक्स-रे कोण काढणार?"

पुढच्या गुरुवारी दुपारी फोनवर एकतीस दिसलं. कूलर बंद. टॅमसिनचा अंगठा काचेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. समोर एक ट्रकवाला छाती यंत्राला टेकवून उभा होता.

"खोल श्वास घ्या," ती म्हणाली. "रोखून धरा."

तिने फोनकडे पाहिलं. बत्तीस.

"बाई," ट्रकवाला दातांतून म्हणाला, "अजून किती वेळ?"

फोनवर हिरवा ठिपका उमटला.

"सोडा," टॅमसिन म्हणाली.