फीत कापेपर्यंत

मी एक जुनं डायलिसिसचं मशीन आहे, मित्रांनो. नाकं मुरडू नका. ज्याच्या किडन्या काम सोडतात, त्याचं रक्त मी बाहेर घेतो, धुतो आणि परत त्याच्या अंगात सोडतो. आठवड्यातून दोन-तीनदा हे झालं नाही, तर माणूस सुजतो, त्याला धाप लागते आणि मग तो मरतो. गोड गोष्ट ऐकायला आला असाल तर आत्ताच उठा. पनवेलच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी उभा आहे आणि माझ्याकडे गोड असं काही नाही.

माझा जन्म अमेरिकेतला. रक्ताच्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला की बोंब मारायची, ही माझी अक्कल. ती मला दिली विनायक घरत यांनी. हे विनायकसाहेब मूळचे जासईचे. बाप मिठागरात राबला, पोरगा शिकून इंजिनियर झाला आणि विमानात बसून अमेरिकेला गेला. आई किडनीच्या आजाराने गेली तेव्हा तो परक्यांच्या कंपनीत नोकरीला होता. रजा मिळाली नाही, आईचं तोंडही दिसलं नाही. त्या दुःखातच त्याने हा बुडबुडा पकडायची युक्ती शोधली, स्वतःची कंपनी काढली, बघता बघता साहेब झाला. मग गावाला देणं सुरू झालं. शाळेला कॉम्प्युटर, दवाखान्याला अँब्युलन्स आणि शेवटी आईच्या नावाने मी. खोट्या मनाचा माणूस नव्हता हो तो! तसा असता तर मला सरळ शिव्या तरी देता आल्या असत्या.

मी आलो तेव्हा केवढं कौतुक! हार घातला, नारळ फोडला. डॉक्टर अनुयांनी मला जोडून, तपासून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून पेशंट घेऊया."

ट्रस्टी इंद्रजीतशेठ हसले. "मॅडम, असं कसं? उद्घाटन साहेबांच्याच हस्ते. त्यांची डेट येऊ दे."

झालं! माझ्या छातीवर लाल फीत बांधली, मला शुद्ध पाणी पुरवणारा प्लांट बंद केला, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली शेठच्या खिशात गेली. साहेबांची तारीख आली, पुढे गेली, परत आली, परत पुढे गेली. मी आपला नव्या नवरीसारखा नटून उभा.

आता ऐका. साहेबांची थोरली बहीण वेणूताई जासईतच राहायची. आईचं सगळं दुखणं तिनेच काढलं होतं आणि आईचाच आजार तिलाही लागला होता. खाडीपलीकडच्या एका सेंटरला तिला रक्त धुवायला जावं लागे. रस्त्यात कंटेनरचे ट्रेलर अडकले की ती रिक्षातच धापा टाकत बसे. मी इथे पनवेलात कोरा उभा आणि ती तिकडे मरणाच्या वाटेवर! तिची मुलगी दीपिका. ती एकदा आईला घेऊन हॉस्पिटलात आली आणि माझ्या दाराबाहेर उभं राहूनच तिने मामाला फोन लावला.

"मामा, आईला बसू दे ना. तू व्हिडिओ कॉलवर काप फीत."

स्पीकरवरून उत्तर आलं, "दीपू, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे गं. फिल्मवाले येतायत सोबत. पहिली पेशंट माझी ताईच हवी, मी स्वतः तिला हाताला धरून बसवणार. तुझ्या आईला केवढं बरं वाटेल!"

डॉक्टर अनुया पेटल्याच. "वेणूताई, मी काहीतरी निमित्त सांगून शेठकडून किल्ली आणते. कोणाला कळणार नाही. बसा तुम्ही."

आणि ही बाई काय म्हणाली असेल? सुजलेल्या पायांवर उभी राहून म्हणते, "नाय गो बाय. देवाला दाखवायच्या आधी निवद कोन खातो का? विनू एवढ्या लांबशी येनार आन आमी उष्टा करून ठेवू? त्याचा मान हाय."

मला माणसाच्या रक्तातला विषार कळतो, मित्रांनो. पण हा विषार कुठल्या नळीतून काढायचा, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात खाडीपलीकडच्या सेंटरचं मशीन बिघडलं. "परवा या," म्हणाले. परवा ट्रेलर उलटून रस्ता बंद. वेणूताईला उचलून पनवेलला आणली तेव्हा तिच्या छातीत पाणी भरलं होतं. इंद्रजीतशेठ उलव्याला बांधकामाच्या साइटवर आणि किल्ली त्यांच्याकडे. डॉक्टरांनी वॉर्डबॉयकडून कुलूप तोडून घेतलं, आत आल्या आणि माझ्या छातीवरची फीत टरकन फाडली.

वेणूताईने डोळे उघडले. एवढ्या धापेतही बोलली, "अगो, फाडलीस का? आता माजा विनू काय कापंल?"

प्लांट चालू केला. पण महिनोन्‌महिने बंद पडलेलं पाणी एकदम माणसाला चालत नाही, आधी ते धुऊन काढावं लागतं. पाणी वाहत राहिलं, दीपिका आईचा हात चोळत राहिली. मी पूर्ण तयार झालो तेव्हा खुर्चीतल्या बाईला माझी गरज उरली नव्हती. एवढा अमेरिकेचा हुशार मी, माझ्या तोंडून साधी बोंबही निघाली नाही.

आठ दिवसांनी साहेब आले. नवी, जास्त रुंद फीत बांधली. साहेब मंडपात हमसून रडले आणि ते रडणं खरं होतं. वेणूताईच्या नावाने आणखी एक मशीन द्यायचं त्यांनी तिथेच जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या! मेलेल्या बाईच्या नावाला टाळ्या! मग शेठनी घरचं माणूस म्हणून कात्रीचं तबक दीपिकाच्या हातात दिलं.

साहेबांनी कात्री उचलली. दीपिका म्हणाली, "काप ना मामा. आईला शेवटपर्यंत या फितीचीच काळजी होती."

तेवढ्यात फिल्मवाला पुढे आला आणि म्हणाला, "सॉरी, आवाज नीट आला नाही. एकदा परत बोलाल?"

आणि दीपिका परत बोलली. शब्द न शब्द, कॅमेऱ्याकडे बघून. साहेबांना ते दुसऱ्यांदा ऐकावं लागलं आणि मगच फीत कापली गेली.

आता मी म्हातारा झालो. पंप कुरकुरतो, स्क्रीनवर चिकटपट्टी आहे. साहेबांच्या नावाची पाटी रोज पुसतात, माझं फिल्टर बदलायला मात्र कोणाला सवड नसते. तरी रोज माणसं बसतात आणि मी काम करतो.

मित्रांनो, तुम्हीही शिकाल, लांब जाल, मोठे व्हाल. गावाला जरूर द्या. पण दिलेली वस्तू पोचली की त्याच दिवशी वापरायला सांगा. तुम्ही यायच्या आधी ती कोणी वापरली, तर ती उष्टी होत नाही. हे तुमच्या बहिणीला तुम्हीच, तुमच्या तोंडाने सांगा. दुसऱ्या कोणी सांगितलेलं ती ऐकणार नाही.